सातव्या कार्बनाची गोष्ट

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आमचं औषधाचं दुकान आहे. यकृताच्या औषधांचा त्यात एक वेगळा कप्पा आहे आणि त्या कप्प्यातून सर्वांत जास्त उचललं जाणारं औषध म्हणजे उर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल. पित्ताशयातले कोलेस्टेरॉलचे बारीक खडे विरघळावेत म्हणून डॉक्टर ते देतात. पित्तनलिकांच्या एका चिवट आजारात देतात. गरोदरपणी यकृतात पित्त तुंबून अंगभर खाज सुटते, तेव्हाही देतात. गोळ्यांचा पत्ता घेऊन जाणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं, की हेच रसायन थोड्या प्रमाणात त्याच्या पोटात आधीपासून तयार होत असतं. ते त्याच्या शरीरातल्या पेशी करत नाहीत. ते करतात त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू.

गोळ्या देणं आणि त्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगणं हे माझं काम. पण या गोळीमागची गोष्ट काउंटरवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून ती इथे लिहिते आहे. यकृत पित्त बनवतं, पण त्याला शेवटचं रूप देतात ते जिवाणू. या भागीदारीवर आपलं पचन, साखर, चरबी आणि आतड्याचं आरोग्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे. त्यामुळे अँटिबायोटिकची गोळी गिळताना आणि ताट वाढून घेताना आपण एकटे नसतो, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक घरापर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

पित्त कोणतं?

“ताई, पित्त लई वाढलंय, गोळी द्या की,” असं दुकानात रोज कुणीतरी म्हणतं. त्यांच्या छातीत जळजळत असतं. तो त्रास जठरातल्या आम्लाचा. मी सांगते आहे ते पित्त वेगळं. ते यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस आहे आणि त्यातला कामाचा भाग म्हणजे पित्ताम्लं.

यकृत ही आम्लं कोलेस्टेरॉलपासून बनवतं. माणसाच्या यकृतात दोन मुख्य पित्ताम्लं तयार होतात: कोलिक आणि चिनोडीऑक्सिकोलिक. बाहेर सोडण्याआधी यकृत प्रत्येक रेणूच्या शेपटीला ग्लायसीन किंवा टॉरीन नावाचा छोटा रेणू जोडतं, त्यामुळे ते पाण्यात सहज मिसळतात. मग हा रस पित्ताशयात साठतो. आपण जेवलो, विशेषतः तेला-तुपाचं काही खाल्लं, की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त लहान आतड्यात उतरतं. तेलकट भांड्यावर साबण जे काम करतो, तेच तिथे पित्ताम्लं करतात. चरबीच्या मोठ्या थेंबांचे ती बारीक थेंब करतात आणि मग पाचकरसांना ते पचवता येतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही त्यांच्याशिवाय नीट शोषली जात नाहीत.

शरीर या आम्लांच्या बाबतीत फार काटकसरी आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात कोणत्याही वेळी साधारण 3 ग्रॅम पित्ताम्लं असतात. एवढाच साठा दिवसातून सहा ते दहा वेळा फिरतो: यकृतातून आतड्यात, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून रक्तात आणि तिथून परत यकृतात. सुमारे 95 टक्के आम्लं अशी परत मिळवली जातात. उरलेली, दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या आतड्यात निसटतात. तेवढीच भर यकृत रोज नव्याने घालतं.

माझ्या सासूबाईंचं पित्ताशय खड्यांमुळे काढावं लागलं. ऑपरेशन छान झालं, पण पुढे काही महिने जेवल्या-जेवल्या त्यांना संडासला पळावं लागायचं. “खडे गेले, पण पोट काही थांबेना,” असं त्या म्हणायच्या. पित्ताशय नसलं की साठवण उरत नाही, पित्त सतत झिरपत राहतं. काही लोकांच्या मोठ्या आतड्यात मग नेहमीपेक्षा जास्त पित्ताम्लं पोचतात. ती तिथे पाणी खेचून घेतात आणि जुलाब होतात. अशा वेळी डॉक्टर कोलेस्टायरामीन नावाची पूड देतात. ती आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते. हीच पूड कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठीही वापरतात. पित्ताम्लं तिच्याबरोबर बाहेर गेली, की नवीन बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं. सासूबाईंना औषधाने उतार पडला. मला मात्र तेव्हापासून त्या निसटणाऱ्या अर्ध्या ग्रॅमचं कुतूहल लागून राहिलं, कारण खरी रसायनं घडतात ती तिथेच.

पहिला घाव: पुण्यात उलगडलेली रचना

जिवाणूंचं पहिलं काम म्हणजे यकृताने जोडलेलं ग्लायसीन किंवा टॉरीन कापून टाकणं. त्यासाठी त्यांच्याकडे एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं. त्याचं नाव बाइल सॉल्ट हायड्रोलेज. लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम, एन्टेरोकॉकस, बॅक्टेरॉइड्स अशा आतड्यातल्या कितीतरी कुळांकडे ते आहे. हा पहिला घाव बसल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

या विकराचा रेणू त्रिमितीत कसा दिसतो, हे शोधणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातली माणसं आहेत. पुण्याच्या पाषाण भागातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिला सगळे एनसीएल म्हणतात, 1950 साली सुरू झाली. तिथले सी. जी. सुरेश, अस्मिता प्रभुणे, अर्चना पुंडले आणि त्यांचे सहकारी पेनिसिलिन तोडणाऱ्या विकरांवर काम करत होते. औषधनिर्मितीत त्या विकरांना मोठं मोल आहे. पेनिसिलिनची शेपटी कापून जो गाभा उरतो, त्याला नवी शेपटी जोडून अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन अशी औषधं बनवतात. आमच्या दुकानातून रोज जाणाऱ्या कितीतरी पट्ट्यांचा जन्म असा होतो.

2006 साली या गटाने इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या गाय आणि एलिनॉर डॉडसन यांच्यासोबत बायफिडोबॅक्टेरियम लाँगम या जिवाणूच्या बाइल सॉल्ट हायड्रोलेजची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. गाय डॉडसन म्हणजे डोरोथी हॉजकिन यांच्याबरोबर इन्सुलिनच्या रचनेवर काम केलेले शास्त्रज्ञ. क्ष-किरणांनी उलगडलेल्या रचनेतून दिसलं, की पित्ताम्लाची शेपटी कापणारं हे विकर आणि पेनिसिलिन-व्ही तोडणारं विकर ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. दोघांच्या साखळीच्या अगदी सुरुवातीला सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि कापण्याचं काम तेच करतं. पुढे 2018 साली याच प्रयोगशाळेतून एन्टेरोकॉकस फीकॅलिस या जिवाणूच्या अशाच, पण फारच तेज विकराची रचनाही प्रसिद्ध झाली.

मला हे वाचून झालेला आनंद अजून आठवतो. बायफिडोबॅक्टेरियम लाँगम अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांच्या पोटात भरपूर असतो. प्रोबायोटिकच्या काही पाकिटांवरही त्याचं नाव छापलेलं असतं. त्याचं हत्यार पुण्यातल्या माणसांनी अणू-अणूने मोजून दाखवलं.

सातवा कार्बन

शेपटी कापली गेली, की पाळी येते गाभ्याची. पित्ताम्लाच्या रेणूत कार्बनच्या चार कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांच्यावर ठरावीक जागी हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसलेली असते. कोलिक आम्लात असे तीन गट आहेत: तिसऱ्या, सातव्या आणि बाराव्या कार्बनवर. चिनोडीऑक्सिकोलिक आम्लात दोन: तिसऱ्या आणि सातव्यावर. दोन्हींत समान आहे तो सातवा, आणि जिवाणूंचं लक्ष नेमकं त्याच्यावर असतं.

सातव्या कार्बनवरचा गट काढून टाकला, की कोलिक आम्लाचं डीऑक्सिकोलिक आम्ल होतं आणि चिनोडीऑक्सिकोलिकचं लिथोकोलिक आम्ल. ही दुय्यम पित्ताम्लं. माणसाच्या एकाही पेशीला त्या जागेवरचा गट काढता येत नाही. जिवाणूंमध्येही हे जमतं ते फार थोड्यांना. त्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला म्हणजे क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स. हा हवेत जगत नाही, ऑक्सिजन त्याला मारतो. आतड्याच्या अंधारात संख्येने अगदी थोडा असूनही तो सगळ्या साठ्याचं रूप पालटतो. 2020 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कोलिकपासून डीऑक्सिकोलिक आम्ल घडायला कोणती सहा विकरं लागतात ते दाखवून दिलं. हे काम न येणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूत त्यांनी ती जनुकं घातली आणि त्यालाही ते जमू लागलं.

काही जिवाणू सातव्या कार्बनवरचा गट काढत नाहीत, त्याची फक्त दिशा उलटवतात. कड्यांच्या प्रतलाच्या खालच्या बाजूला असलेला गट वरच्या बाजूला नेतात. चिनोडीऑक्सिकोलिक आम्लाचा असा एक गट उलटला, की तयार होतं उर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल, म्हणजे आमच्या कप्प्यातली गोळी. अणूंची संख्या तीच, बदलली ती एका गटाची दिशा. पण तेवढ्याने रेणूचा स्वभाव सौम्य होतो. यकृताच्या पेशींना जाचणाऱ्या इतर पित्ताम्लांच्या तुलनेत हे आम्ल निरुपद्रवी आहे, म्हणूनच ते औषध झालं.

नावातला ‘उर्सो’ हा अंश अस्वलासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला. अस्वलाच्या पित्तात हे आम्ल भरपूर असतं आणि चिनी वैद्यकात अस्वलाचं पित्त शेकडो वर्षं वापरात होतं. जपानमध्ये शोदा यांनी 1927 साली ते शुद्ध स्फटिकरूपात वेगळं केलं आणि त्याला हे नाव दिलं. आज त्यासाठी अस्वल लागत नाही. कत्तलखान्यात मिळणाऱ्या जनावरांच्या पित्तातलं आम्ल घेऊन कारखान्यात त्याचं रूपांतर करतात. 1927 सालचंच रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक जर्मनीच्या हाइनरिख वीलँड यांना पित्ताम्लांची रचना शोधल्याबद्दल मिळालं. त्यांनी मांडलेल्या रचनेत दुरुस्ती करावी लागली ती 1932 मध्ये, इतका हा रेणू अवघड होता.

आणि अजूनही तो पुरता उलगडलेला नाही. 2020 साली कॅलिफोर्नियातल्या पीटर डोरेस्टाइन यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की जिवाणू पित्ताम्लांची शेपटी नुसती कापत नाहीत, ते तिथे स्वतःच्या पसंतीची नवी अमिनो आम्लंही जोडतात: फेनिलॅलॅनीन, टायरोसीन, ल्युसीन. पावणेदोनशे वर्षं अभ्यासल्या गेलेल्या पदार्थात एक पूर्ण नवा प्रकार सापडला आणि तो घडवणारे निघाले जिवाणू.

आम्लं निरोप्याचं काम करतात

1999 पर्यंत पित्ताम्लांकडे पचनाला मदत करणारा रस म्हणूनच पाहिलं जायचं. त्या वर्षी वेगवेगळ्या गटांनी दाखवलं, की पेशींच्या आत एफएक्सआर नावाचं एक प्रथिन आहे आणि पित्ताम्ल त्याला चिकटलं, की जनुकं चालू-बंद होतात. लहान आतड्याच्या शेवटी पित्ताम्लं पोचली, की तिथल्या पेशी एफएक्सआरमार्फत एक संप्रेरक सोडतात. ते रक्तातून यकृताला सांगतं: आता पुरे, नवीन बनवणं थांबव. साखर आणि चरबी किती बनवायची, यावरही याच मार्गाने परिणाम होतो.

काही वर्षांत टीजीआर-5 नावाचा असाच दुसरा ग्राहक, म्हणजे निरोप झेलणारं प्रथिन, सापडला. तो पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतो आणि त्याला सर्वांत जोरात चेतवतात ती जिवाणूंनी घडवलेली लिथोकोलिक आणि डीऑक्सिकोलिक आम्लं. आतड्यातल्या काही पेशी या ग्राहकामार्फत जीएलपी-1 हे संप्रेरक सोडतात. मधुमेहाच्या आणि वजन कमी करण्याच्या ज्या नव्या इंजेक्शनांबद्दल हल्ली दर दोन दिवसांनी कुणीतरी मला विचारतं, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. इंजेक्शनाचा डोस त्याच्या कितीतरी पट जोरकस असतो, तेव्हा दोन्हींची बरोबरी करू नये. पण मूळ वाट शरीरात आहे आणि तिच्यावर जिवाणू कामाला आहेत, हे खरं.

रोगप्रतिकारशक्तीशीही पित्ताम्लांचं बोलणं चालतं. लिथोकोलिक आम्लाचे दोन नातलग रेणू दाह वाढवणाऱ्या आणि दाह आवरणाऱ्या पेशींचा तोल सांभाळतात, असं 2019 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. 2021 मध्ये जपानच्या केनया होंडा यांच्या गटाने शंभरी ओलांडलेल्या 160 माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आतड्यात आयसोअ‍ॅलोलिथोकोलिक आम्ल बनवणारे जिवाणू जास्त होते आणि हे आम्ल काही घातक जंतूंची वाढ रोखतं, असं त्यात आढळलं. एवढ्यावरून दीर्घायुष्याची गोळी निघाली असं कुणी समजू नये. पण निरोगी म्हाताऱ्या आतड्यात रसायनांचं केवढं काम चाललेलं असतं, याची त्यातून कल्पना येते.

“ताई, अँटिबायोटिक द्या की”

आता माझ्या काउंटरचा सर्वांत कळीचा प्रश्न. पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आलं, की जुलाबाचे रुग्ण वाढतात. “ताई, रात्रीपासून पोट झडायलंय, दोन अँटिबायोटिकच्या गोळ्या द्या की. डॉक्टरकडं जायला टाइम न्हाई,” असं म्हणत माणसं येतात. मी देत नाही. काहीजण चिडतात, “दुसरीकडून घेतो” म्हणून निघून जातात. मी का देत नाही, ते नीट सांगते.

बहुतेक साधे जुलाब अँटिबायोटिकशिवाय बरे होतात. त्यात जीव वाचवतं ते ओआरएस. दिलीप महालनवीस यांनी 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंना वाचवलं, तीच ही पद्धत. लहान लेकरांना त्यासोबत झिंक द्यायचं असतं. रक्त पडत असेल, ताप असेल, लेकरू सुस्तावलं असेल, तर तडक डॉक्टरकडे जायचं.

अँटिबायोटिकने मात्र क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे मोजके जिवाणू झपाट्याने मरतात. ते पुन्हा जागेवर यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोपर्यंत सातव्या कार्बनाचं काम बंद असतं. मोठ्या आतड्यात दुय्यम पित्ताम्लं जवळपास नाहीशी होतात आणि यकृताने पाठवलेली प्राथमिक आम्लं साचतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक जंतू याचीच वाट पाहत असतो. टॉरीन जोडलेलं कोलिक आम्ल त्याच्या बीजाणूंना उगवायची खूण देतं. डीऑक्सिकोलिक आम्ल त्याची वाढ रोखतं, पण तेच आता तिथे नसतं. मग मोठ्या आतड्याला सूज येते, जुलाब थांबत नाहीत आणि दवाखान्यात दाखल असलेल्या वयस्कर माणसाचा त्यात जीवही जाऊ शकतो.

2015 साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांना क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स परत दिला. दुय्यम पित्ताम्लं परतली आणि उंदीर त्या जंतूला बऱ्याच प्रमाणात तोंड देऊ लागले. माणसांमध्ये त्याआधीच, 2013 साली, नेदरलँड्समध्ये एक धाडसी चाचणी झाली होती. हा आजार पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू सोडले गेले. 16 पैकी 13 रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसतं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालेल्या 13 पैकी फक्त 4. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधी थांबवली. असे उपचार झालेल्या रुग्णांची विष्ठा तपासली, तेव्हा नाहीशी झालेली दुय्यम पित्ताम्लं परत आलेली दिसली.

“मग अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिकचं पाकीट घेतलं तर?” असंही लोक विचारतात. पाकिटातल्या किंवा दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसकडे पहिल्या घावाचं विकर असतं, सातव्या कार्बनाचं नसतं. त्या पाकिटाने ही उणीव भरून निघत नाही. म्हणून गरज असेल तेव्हा अँटिबायोटिक जरूर घ्यावं, डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस घ्यावं आणि गरज नसताना घेऊ नये. पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय मागू नका. 2014 पासून अनेक वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. ती देताना मला रुग्णाचं, डॉक्टरांचं आणि औषधाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. ती वही लिहिताना मला कधी कंटाळा येत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी तो नियम झाला, पण आतड्यातल्या कामकऱ्यांचंही त्याने रक्षण होतं.

ताटातलं रसायन

दुय्यम पित्ताम्लं थोडी असली तर राखण करतात, फार झाली तर घात करतात. डीऑक्सिकोलिक आम्ल सतत जास्त राहिलं, तर मोठ्या आतड्याच्या अस्तराला इजा होते. आतड्याच्या कर्करोगाशी आणि पित्ताशयातल्या खड्यांशी त्याचा संबंध दिसून आला आहे. प्रमाण ठरतं ते बरंचसं ताटावरून.

याचा एक सुंदर प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. पिट्सबर्गचे 20 आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल भागातले 20 ग्रामीण रहिवासी यांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण जेवलं. अमेरिकनांच्या जेवणातले तंतुमय पदार्थ दिवसाला 14 वरून 55 ग्रॅमवर नेले आणि चरबी निम्म्याहून कमी केली. आफ्रिकनांचं उलट केलं. दोनच आठवड्यांत अमेरिकनांच्या विष्ठेतली दुय्यम पित्ताम्लं सुमारे 70 टक्क्यांनी घटली, आफ्रिकनांची कित्येक पटींनी वाढली. आतड्याच्या अस्तरातल्या दाहाच्या आणि पेशीवाढीच्या खुणाही त्याच दिशेने बदलल्या.

कारण दुहेरी आहे. चरबी जास्त खाल्ली, की पित्त जास्त सुटतं आणि मोठ्या आतड्यात जास्त पोचतं. तंतू खाल्ले, की जिवाणू ते आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, मोठ्या आतड्यातला आंबूसपणा वाढतो आणि त्या आंबूसपणात सातव्या कार्बनवरचा गट काढण्याचं काम मंदावतं.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. लहानपणी आमच्या ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, करडईच्या कोवळ्या पानांची भाजी, हुलग्याचं माडगं असायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात आणि तुरीच्या डाळीत 9. अख्ख्या गव्हाच्या कणकेतही 11 असतात, म्हणून घरची पोळी खाणाऱ्याने वाईट वाटून घेऊ नये. खरी घसरण होते ती पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात. दोन्हींत 3 ग्रॅमसुद्धा नसतात. गेल्या काही दशकांत लातूर भागात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. त्यातून शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, ते चांगलंच झालं. पण घरात ज्वारीची कणगी उरली नाही. नाश्त्याला मैद्याची बिस्किटं आणि पाव आले, रात्रीच्या जेवणात भाताचा वाटा वाढला. शिकवणीला लातूरला राहणाऱ्या पोरांचं रात्रीचं खाणं बघितलं, की मला त्यांच्या आतड्यांची काळजी वाटते.

आणि आपल्या आतड्यांत तंतू पचवणारी मंडळी आहेतच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या गटाने 2016 साली दाखवलं, की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा ही कुळं ठळकपणे जास्त आढळतात. प्रिव्होटेला धान्य-डाळींच्या तंतूंवर जगणारं कूळ. त्याच गटाने त्याआधी, 2012 मध्ये, एका छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबांचा अभ्यास केला आणि वयाप्रमाणे आतड्यातली जिवाणूंची वस्ती बदलत जाते, हे त्यात दिसलं. आजोबा आणि नातू एकाच चुलीवरचं खात असले, तरी त्यांच्या पोटातले सोबती वेगळे असतात.

वेळ अमावस्येला, आमच्याकडे येळवस म्हणतात, आख्खा लातूर जिल्हा शेतात जेवतो. ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि तूर, वाटाणा, हरभरा, वालाच्या शेंगा, मेथी, पातीचा कांदा घालून चिंचेत शिजवलेली भज्जी. त्या एका जेवणात तंतूंचे जितके प्रकार असतात, तितके आमच्या शहरी घरांत आठवड्याभरात होत नाहीत. सणाच्या या ताटातली भज्जी आणि भाकरी आठवड्यातून दोन-तीनदा तरी घरी व्हावी, असा माझा आग्रह आहे. माझ्या घरी तो पाळला जातो. ज्यांना आतड्याचा जुनाट आजार आहे किंवा नुकतंच ऑपरेशन झालं आहे, त्यांनी मात्र तंतू वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनीही हळूहळू वाढवावं, नाहीतर सुरुवातीला पोट फुगतं.

एक मागणं

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत आलं, की पिट्सबर्ग आणि क्वाझुलू-नातालमध्ये झालं ते आपल्याकडे व्हावं. त्यासाठी लागणारं सगळं इथे आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, ज्याने ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ अशा ज्वारीच्या जाती दिल्या. जिवाणू ओळखणारी आणि त्यांची विकरं मोजणारी माणसं पुण्यात आहेत.

लातूरच्या शिकवणीच्या वसतिगृहातली वीस मुलं घ्यावीत. दोन आठवडे त्यांना मैदा आणि तळलेलं बंद करून भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी आणि आंबील द्यावी. आधी आणि नंतर त्यांच्या विष्ठेतलं डीऑक्सिकोलिक आम्ल मोजावं. खर्च फार नाही, मुदत पंधरा दिवसांची. निकाल काय येईल ते प्रयोगच सांगेल. पण तो आपल्या माणसांचा, आपल्या जेवणाचा आणि आपल्या जिवाणूंचा असेल. मग औषधाच्या दुकानात उभी राहून मला गिऱ्हाइकांना परदेशातले आकडे सांगावे लागणार नाहीत, लातूरच्या पोरांचे सांगता येतील.